आठ बाय नऊची खोली

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये माझ्या घरातल्या लहान खोलीत एक छोटा पलंग, अभ्यासाचं टेबल आणि भिंतीवर फुगे काढलेले आहेत. खाली लिहिलंय ‘चिल्ड्रन्स बेडरूम’. आठ फूट बाय नऊ फूट. घरात चिल्ड्रन नाहीत. घरात मी आहे, वय २८, सोबत दोन मॉनिटर आणि वीस वर्षांचं गृहकर्ज.

धायरीतला हा फ्लॅट घेऊन दीड वर्ष झालं. बाकी घर हळूहळू लागलं, ही खोली मात्र तशीच राहिली. सुटकेसी, न उघडलेले खोके आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. घर बघायला आलेलं माणूस दारात उभं राहून विचारायचं, “हिचं काय करणार?” आणि माझ्या उत्तराआधीच म्हणायचं, “राहू दे सध्या. लागेल पुढे.” पुढे म्हणजे काय, हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मावशीने तर रंगसुद्धा सुचवला. फिक्कट पिवळा. “मुलगा असो की मुलगी, दोघांनाही चालतो.”

मला तिथे गडद हिरवा हवा होता. जुन्या औषधाच्या बाटलीचा असतो तसा, जवळजवळ काळ्याकडे झुकलेला. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते. संध्याकाळचे कॉल अमेरिकेच्या वेळेनुसार असतात, ते संपेपर्यंत दहा वाजतात. दिवसभर उजळ स्क्रीन बघितल्यावर समोर पुन्हा पांढरी भिंत नकोशी होते. काम संपलं की खोलीने आपल्याला झाकून घ्यावं, एवढंच वाटायचं.

पण लहान खोलीला गडद रंग द्यायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवलेलं असतं. खोली अजून लहान दिसते म्हणे. मी इंजिनिअर. ‘म्हणे’वर थांबणं मला जमत नाही.

जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली खोलीची उंची डोळ्यांना कशी जाणवते यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. छत जितकं उजळ तितकं ते उंच वाटतं, आणि भिंती उजळ असल्या तरी उंची वाढल्यासारखी वाटते. म्हणजे शिकवण अगदीच हवेतली नव्हती.

मग उजेडाचा हिशोब मांडला. चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्के परत फेकते. मला हवा होता तसा हिरवा जेमतेम ८ टक्के. फरक दहापट, पण गोष्ट इथे संपत नाही. परत फेकलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर आपटतो, तिथून पुन्हा परत येतो, पुन्हा आपटतो. बंद खोलीत या सगळ्या येरझाऱ्यांची बेरीज करायला सोपं सूत्र आहे: एक भागिले (एक वजा सरासरी परावर्तन). पांढरं छत आणि नेहमीची फिक्की फरशी धरून एक्सेलमध्ये आकडे टाकले. चारही भिंती पांढऱ्या, तर दिव्याचा उजेड जवळजवळ ३.८ पट होतो. चारही हिरव्या, तर फक्त १.३ पट. तेवढाच उजेड हवा असेल तर दिवे साधारण तिप्पट लागणार. एलईडीच्या जमान्यात हे परवडतं. अशक्य काही नव्हतं.

पेंटरकाकांनी दुसरी बाजू सांगितली. गडद शेड डीप बेसमध्ये बनते. त्या बेसमध्ये पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड फारसं नसतं, त्यामुळे भिंत नीट झाकली जात नाही. “दोन हातांत भागणार नाही, तीन लागतील. हात लागला की डाग दिसणार. पावसाळ्यात ओल आली की पांढरे क्षार उठतात, ते हिरव्यावर चांगलेच दिसतील. आणि उद्या बदलायचा म्हणालात, तर आधी प्रायमर मारून हे सगळं मिटवावं लागेल.” मग थांबून म्हणाले, “एकच भिंत करा ना ताई. हायलाइट. सगळे तेच करतात.”

उद्या बदलायचा म्हणालात तर. हे वाक्य डोक्यात अडकलं. आपण घरांना पांढरा, क्रीम, बिस्किटी रंग देतो त्यामागे बऱ्याचदा एक न दिसणारं माणूस असतं. उद्याचा भाडेकरू, उद्याचा खरेदीदार. माझ्या बाबतीत उद्याचा नवरा आणि उद्याचं बाळ. त्यांच्यासाठी भिंत मोकळी ठेवायची, आणि हप्ता आज मी भरायचा. मला लग्न नकोच आहे असं नाही. फक्त ते होईपर्यंत ७२ चौरस फूट वेटिंग रूम करून ठेवायचे नव्हते.

हे सगळं मी आईला फोनवर जोरात ऐकवलं. मला वाटलं, तीही बाळाचंच काढणार आणि मग मी भांडणार. भांडणाची तयारी पूर्ण होती.

आई म्हणाली, “बाळाचं राहू दे गं. पण अंधार कशाला विकत घेतेस?”

माझी आई नारायण पेठेतल्या एका वाड्यात वाढली, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्यातली आतली खोली ही मूळ मालकांच्या काळातली बाळंतिणीची खोली होती. जुन्या घरांत अशी खोली असायची. वारा लागू नये, नजर लागू नये म्हणून आतल्या बाजूला, जवळजवळ बिनखिडकीची. बाई तिथे बाळंत व्हायची आणि पुढचे काही दिवस तिथेच राहायची. वाड्यात उजेड यायचा तो चौकातून. सोपा, ओसरी उजळ. जसजसं आत जावं तसतसा अंधार. वाडा एकाच कुटुंबाचा असताना माणसं दिवसभर चौक-ओसरीत वावरायची, आतला अंधार झोपेपुरता आणि बाळंतपणापुरता. वाड्यात भाडेकरू आले आणि तोच अंधार एखाद्या कुटुंबाचं अख्खं घर झाला.

“१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तळमजल्यात पाणी शिरलं होतं,” आई सांगत होती. “मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण ती भिंत माझ्या लहानपणीसुद्धा ओलीच असायची. दसऱ्याच्या आधी बाबा चुन्यात नीळ घालून भिंती पांढऱ्या करायचे, दिवाळी सरेपर्यंत पोपडे. दुपारी बारा वाजता चाळीसचा बल्ब लावायचा. मालक ओरडायचे बिलावरून. दहावीचा सगळा अभ्यास मी तिथे केला. तुमच्या बाबांनी कोथरूडचा फ्लॅट दाखवला ना, तेव्हा मी स्वयंपाकघर बघितलंच नाही. फक्त खिडक्या मोजल्या.”

मी गप्प बसले. आमच्या कोथरूडच्या घरात सगळ्या भिंती कायम पांढऱ्या का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी त्याला आईची हौस नसणं समजत होते. तिची सगळी हौस त्या पांढऱ्यातच होती. आणि मला अंधाराचं आकर्षण वाटू शकतं, कारण मी त्या पांढऱ्या घरात वाढले. मला उजेडासाठी कधी कुणाची बोलणी खावी लागली नाहीत.

मग हिरवा सोडून द्यावा का? दोन आठवडे मी तेच घोळवत होते. आईचा अंधार खरा होता म्हणून माझा खोटा ठरतो का? मला तसं वाटत नव्हतं. तिचा अंधार दुसऱ्यांनी ठरवलेला होता: बाईला आत ठेवणाऱ्यांनी, नंतर भाडं घेणाऱ्यांनी, नंतर पुराने. माझ्या खोलीचं बटण माझ्या हाताशी आहे. पण हे वाक्य फोनवर तिला ऐकवायला मला लाज वाटली. तिच्या वाट्याला न आलेल्या गोष्टीचा तिच्यापुढेच युक्तिवाद कसा करायचा?

त्यापेक्षा मी तिला बोलावलं. एक पुठ्ठा हिरवा रंगवून खोलीच्या कोपऱ्यात उभा केला होता. ती आली, आधी खिडकीपाशी गेली. खिडकी पूर्वेला आहे, पण समोर शेजारची बिल्डिंग, त्यामुळे थेट ऊन तासभरच. तिने पुठ्ठा उचलून खिडकीच्या बाजूला धरला आणि डोळे बारीक केले.

“इथे नको. खिडकीभोवती काळं असलं की खिडकी डोळ्यांत घुसते. वाड्यात भिंती हातभर जाड. आमच्या पुढच्या खोलीत एकच खिडकी होती, तिच्या आतल्या कडांना बाबा दर वर्षी जास्तीचा चुना मारायचे. उजेड त्या कडांवरून आत यायचा.” मग पुठ्ठा समोरच्या भिंतीला टेकवला. “खिडकीची भिंत पांढरी ठेव. बाकीच्या तीन कर तुला काय करायच्या त्या.”

ती चहा टाकायला गेली आणि मी लॅपटॉप उघडला. तीन भिंती हिरव्या, खिडकीची भिंत आणि छत पांढरं. १.३ चे जवळजवळ १.६ झाले. दिवे तिपटीऐवजी अडीचपटीच्या आत. पेंटरकाकांची एक हायलाइट भिंत मला अर्धवट वाटली होती, ही तशी वाटली नाही. मी स्क्रीन आईला दाखवली. तिने आकड्यांकडे बघितलं नाही. “चाळीसचा बल्ब लावू नकोस म्हणजे झालं,” म्हणाली.

शनिवारी आम्ही दोघी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने शेडचा नंबर मशीनमध्ये टाकला, डब्यात काळ्या-हिरव्या धारा पडल्या आणि डबा हलवायच्या मशीनमध्ये गेला. झाकण लावायच्या आधी त्याने बोटभर रंग झाकणावर लावून दाखवला.

“मॅडम, एकदा मिक्स केला की परत घेत नाही हा. नंतर घरचे नको म्हणाले तर आमच्याकडे येऊ नका.”

मी आईकडे बघितलं. ती पाकीट काढत होती. मी नको म्हणाले, तिने ऐकलं नाही.

“लावा झाकण,” ती त्याला म्हणाली.