भरपूर पाणी प्या, पण जायचं कुठे?

मार्च उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ठरलेला लेख येतो. भरपूर पाणी प्या, ताक घ्या, कैरीचे पन्हे घ्या, काकडी-कलिंगड खा, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. सल्ला चुकीचा नाही. आम्हीही तो वस्तीच्या ग्रुपवर पुढे पाठवतो. पण तो वाचताना दरवर्षी आम्हाला आमची आई आठवते. बारा ते तीन या वेळेत ती कधीच घरात नव्हती. ती मालकाच्या रानात होती, नाहीतर रोहयोच्या पाझर तलावावर डोक्यावरून माती वाहत होती.

मराठवाड्यातल्या आमच्या घरी उन्हाळ्याचे खाणे म्हणजे आंबील. रात्री ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून मडक्यात ठेवायचे, सकाळपर्यंत ते आंबते. मग उकळत्या पाण्यात सोडून गुठळी होऊ न देता शिजवायचे, मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालायचा, निवले की प्यायचे. सोबत कांदा. ज्यांच्या दावणीला म्हैस, ते त्यात ताक घालतात. आमच्याकडे ना म्हैस ना जमीन, त्यामुळे ताक यायचे मालकाच्या वाड्यावरून. आजी पायरीखाली तांब्या धरून उभी राहायची आणि मालकीणबाई वरून धार सोडायच्या, भांड्याला भांडे लागू नये इतक्या उंचावरून. निम्मे ताक आजीच्या हातावर आणि लुगड्यावर. एक दिवस आजीने तांब्या मागे घेतला आणि रिकामाच घरी आणला. पुन्हा ती वाड्यावर ताकासाठी गेली नाही. त्यानंतर आमची आंबील नुसत्या पाण्याची झाली. आजी तीत मीठ जरा जास्त घालायची. घामाबरोबर मीठही जाते हे तिला कुठल्या पुरवणीने सांगितले नव्हते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि आमची आंबील शहरातल्या हॉटेलांत काचेच्या ग्लासात जाऊन बसली. बसू द्या. कण्या-आंबील खाणारे म्हणून ज्यांना हिणवले, त्यांची नावे त्या मेनूकार्डावर नसतात, एवढेच.

उन्हाळा आणि तहान यांचा विषय निघाला की आपण महाडला जातो, आणि जायलाच हवे. पण त्याच्याही आधीचा एक उन्हाळा तरुण मित्रांनी वाचावा. १९०१ साली सुट्टीत लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरून पुढचा प्रवास बैलगाडीचा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी तो सविस्तर लिहिला आहे. सोबत जेवणाची टोपली भरलेली होती. वाटेत मिळाले ते चिखलाचे, जनावरांच्या मुतापोने नासलेले पाणी. टोलनाक्यावर मागितले, तिथेही दिले नाही. मुले अन्न उशाशी ठेवून उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नव्हता. म्हणजे काय खावे हा प्रश्न त्या मुलांपुढे नव्हताच. पुढे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी ओंजळीत घेतले, तेव्हा ते तळे शुद्ध करायला शेण-गोमूत्राबरोबर दूध आणि दहीही तळ्यात ओतले गेले. ज्यांच्या आंबिलीत ताक नव्हते त्यांच्या स्पर्शावर उतारा म्हणून दही!

आज सार्वजनिक नळावर कुणी उघडपणे अडवत नाही, निदान शहरात नाही. पण तहान अडवण्याचा एक रस्ता अजून तसाच आहे आणि त्यावर आपल्या चळवळीतही फार कमी बोलले जाते.

आईच्या कामावर पाण्याचे पिंप होते. आडोसा नव्हता. पाणी प्यायले की लघवीला जावे लागणार, आणि चहूकडे उघडे माळरान, समोर गडीमाणसे. म्हणून बायका सकाळी निघताना तांब्याभर पाणी पीत आणि दिवसभर ओठ ओले करण्यापुरतेच. आईला मुतखड्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तुम्ही पाणी कमी पिता.” आई म्हणाली, “पाणी होतं हो साहेब, जागा नव्हती.”

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १८ पिण्याच्या पाण्याचे होते. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात ते पाणी थंड करून द्यावे, असेही त्यात लिहिले होते. त्याला लागूनच कलम १९, संडास-मुताऱ्यांचे, स्त्रियांसाठी वेगळ्या सोयीसह. ज्यांनी ही कलमे शेजारी शेजारी ठेवली त्यांना दोन्हींचे नाते कळत होते. पण ऊसतोड, मजूर अड्डा म्हणजे काही कारखाना नव्हे, आणि आपली माणसे जास्त तिथेच.

आता आमचा स्वतःचा कबुलीजबाब. गेल्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या मिरवणुकीत ताक होते, पाण्याचे जार होते, सरबत होते, आणि अर्थातच डीजे होता. दुपारी चारला निघालो. दोन तासांनी लेझीम पथकातली एक मुलगी कोसळली. आम्ही चार जण बाटली घेऊन तिच्या तोंडाशी धावलो. वस्तीतल्या परिचारिका ताई ओरडल्या, “बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल!” त्यांनी तिला सावलीत नेले, ओल्या कपड्याने मान, काखा, जांघा थंड केल्या, वारा घातला. ती शुद्धीवर येऊन नीट बोलू लागली तेव्हा घोटघोट मीठ-साखरेचे पाणी दिले. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. हे प्रमाण प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. माणूस बरळत असेल, अंग तापलेले असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहायचे.

ताईंनी मुलीला विचारले, सकाळपासून काय प्यालीस? काहीच नाही. पांढरी साडी, चार-पाच तास रस्त्यावर, वाटेत एकही मुतारी नाही. ताकाचा स्टॉल तिच्यापासून वीस पावलांवर होता. ती दोनदा त्याच्यासमोरून गेली होती.

ज्या गोष्टीबद्दल आम्ही मुकादमाला आयुष्यभर शिव्या घातल्या, ती आम्ही आमच्याच मिरवणुकीत केली होती.

यंदाच्या बैठकीत आम्ही डीजेच्या रकमेतून पैसे काढून दोन फिरती शौचालये आणावीत, मिरवणूक साडेपाचला काढावी आणि वाटेवरच्या शाळेची स्वच्छतागृहे उघडी ठेवायला लेखी अर्ज करावा, असे मांडले. वेळेवर सगळे राजी झाले. अर्जही गेला. डीजेवर मात्र पोरे चिडली. बाजूच्या वस्तीचा आवाज मोठा आणि आपला लहान कसा, म्हणून दोघे उठून गेले. मग लेझीम पथकातल्या मुलींनी सांगितले की सोय नसेल तर त्या यंदा उतरणार नाहीत. त्या रात्री ठराव झाला नाही. रविवारी पुन्हा बसायचे आहे, आणि या वेळी मुली बैठकीला आधीपासून हजर असणार आहेत.