मधली सुट्टी

कॅथलिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या शिबिरात एक चित्र हमखास पडद्यावर येतं. येशू शिष्यांचे पाय धुतोय आणि खाली लिहिलंय, ‘सेवाभावी नेतृत्व’. चित्र मला प्रिय आहे. पवित्र गुरुवारी फादर वेदीपुढे गुडघे टेकून पाय धुतात तेव्हा अजूनही गळा दाटून येतो. पण वसईतल्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काम करताना वाटत आलंय, की पवित्र गुरुवार वर्षातून एकदा येतो आणि मधली सुट्टी रोज होते.

मधल्या सुट्टीचं हे मोल इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी फार आधी ओळखलं होतं. कामाच्या शोधात तुरीन शहरात आलेल्या पोरांना घेऊन १८४६ मध्ये ते वाल्दोक्को भागातल्या एका शेडमध्ये स्थिरावले. पुढे कार्यशाळा, वसतिगृह, छापखाना असा पसारा वाढला. मे १८८४ मध्ये रोमहून त्यांनी आपल्या माणसांना एक पत्र पाठवलं. त्यात एक स्वप्न सांगितलंय. आधी जुन्या दिवसांतलं अंगण दिसतं : पळापळ, आरडाओरडा आणि त्यातच मिसळलेले धर्मगुरू. मग त्या वेळचं अंगण दिसतं. कंटाळलेली मुलं खांबांना टेकून उभी आहेत, काही नजर चुकवून सटकताहेत आणि मोठी माणसं आपापसात बोलत फेऱ्या मारताहेत. नियम मोडला म्हणून डॉन बॉस्को खंतावले नव्हते. मुलांना जे आवडतं त्यात मोठ्यांचं मन उरलं नाही, हे त्यांना खुपलं होतं. स्वतः उभारलेल्या घराबद्दल असं लिहायला छाती लागते. आमच्या वार्षिक अहवालांत तर सगळं नेहमीच ‘उत्साहात संपन्न’ होतं.

अंगणात उभं राहणं ही शिकण्याची गोष्ट आहे. पायऱ्यांवर उभं राहिलं की ती देखरेख होते, म्हणून मी नळाजवळ थांबते. तिथे सगळ्यांना यावंच लागतं आणि डबा न आणलेलं मूल नुसतं पाणी पिऊन परतताना तिथेच दिसतं. हातात मोबाइल नको, छडी तर नकोच. मार्कांबद्दल विचारायचं नाही. लगोरीत कोण जिंकतंय, घरच्या शेळीला पिल्लू झालं का, हे विचारायचं. सुरुवातीला ‘मॅडम आल्या’ म्हणून खेळ थांबतो. तो थांबेनासा झाला की समजायचं, आपण रुळलो. भिंतीला धरून एकटं फिरणारं मूल मात्र हाक मारून बोलवायचं नसतं. त्याच्या वाटेत उगाच रेंगाळायचं.

यात धर्म कुठे आला, असं चर्चमधली माणसं विचारतात. आमच्या पटावर हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळी मुलं आहेत. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याक म्हणून शाळा चालवायचा हक्क आम्हाला दिला. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे कलम २८ ने सांगितलं. मला ही दोन्ही कलमं सारखीच प्रिय आहेत. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण, बाकीच्यांना नीतिशिक्षण अशी वेळापत्रकात वाटणी होते, पण मैदानात तास वेगळे होत नाहीत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळेची ओळख तिथल्या वातावरणाशी जोडली आहे. ते वातावरण स्वातंत्र्याचं आणि प्रेमाचं असावं, असं तो म्हणतो. मुलाला ते आधी कळतं कशावरून? मोठं माणूस जवळ आल्यावर त्याचे खांदे आखडतात की नाही, यावरून.

हे जमायचं तर वाढ व्हायची ती आधी माझी. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेलं आत्मपरीक्षण मी रात्री करते. दिवस मागे उलगडत जायचा, कुठे कृतज्ञता वाटली आणि कुठे मन आक्रसलं ते देवासमोर पाहायचं. मैदानातले चेहरे एकेक करून आठवते. एखाद्या चेहऱ्यापाशी कपाळाला आठी पडली, तर दुसऱ्या दिवशी आधी त्याच्याकडे जाते. काही चेहरे आठवतच नाहीत. त्यांची मला जास्त काळजी वाटते.

परवा शेजारच्या गावातल्या नव्या मुख्याध्यापिका विचारत होत्या, ‘बाई, मैदानातलं हे उभं राहणं वेळापत्रकात घालायचं का? मनापासून व्हायला हवं ना?’ मी म्हटलं, घालाच. पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी आणि यू-डायस या सरकारी पोर्टलवरची माहिती मधल्या सुट्टीतच भरायची निघते, आणि मन काही पोर्टल बंद करत नाही.