पानाच्या शिरा, हाताच्या शिरा

पिंपळाचं पान पाण्यात बरेच दिवस भिजू दिलं की गर कुजून सुटतो आणि जाळी उरते. मधली जाड शीर, तिच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या पोटशिरा, त्यांच्यामधलं केसाहून बारीक विणकाम आणि टोकाला लांब शेपटी. ही जाळी उजेडात धरून शेजारी आपला तळहात पालथा ठेवावा. वयस्क माणसाचा हात असेल तर फारच छान.

हे दोन्ही एकाच नजरेने पाहणारी माणसं होऊन गेली आहेत. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त शरीरात फिरतं हे दाखवून दिलं. तो दंडाला पट्टी आवळायचा. शिरा टरारून फुगल्या की त्यांच्यातल्या झडपा गाठींसारख्या दिसायच्या. एका बोटाने शीर दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने त्यातलं रक्त वरच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामाच राहायचा, रक्त मागे फिरायचं नाही. पण रोहिणीतून ते शिरेत नेमकं कुठून उतरतं, हे त्याला पाहायला मिळालं नाही. तो १६५७ मध्ये गेला, आणि १६६१ मध्ये बोलोन्याच्या माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या. याच माल्पिघीने पुढे वनस्पतींच्या अंतर्रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो टेडिंग्टनचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स. त्याने छाटलेल्या द्राक्षवेलीच्या खुंटाला काचेची नळी जोडून रसाचा जोर मोजला. घोडीच्या रोहिणीला नळी जोडली, तर रक्त आठ फुटांहून वर चढलं. तरीही साम्याने तो भुलला नाही. झाडातला रस रक्तासारखा फिरत नाही, असंच त्याने १७२७ च्या ग्रंथात मांडलं.

खरंच आहे ते. पानाला हृदय नाही. ऊन तापतं, पर्णरंध्रांतून वाफ निघते आणि त्या ओढीने मुळांपासून पाणी वर येतं. त्यातलं बहुतेक हवेत जातं, परत येत नाही. त्याच शिरेत शेजारच्या नलिकांतून पानात तयार झालेली साखर उलट दिशेने निघालेली असते.

आणि ती जाळी! किडीने मध्येच भोक पाडलं, तरी पाणी बाजूच्या शिरांतून वळसा घालून पलीकडे पोचतं. म्हणून कुरतडलेलं पिंपळपानही बरेच दिवस हिरवं राहतं.