लुगड्याचे उत्तरायुष्य

नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे आणि कात्री न लागलेले सुती लुगडे हे नाशिक परिसरातील जुन्या घरांतले बहुधा सर्वांत हरहुन्नरी वस्त्र होते, आणि त्याच्या या गुणाचे मूळ ते शिवलेले नसण्यात शोधावे लागते. शिवलेला कपडा एका देहाच्या मापाला बांधलेला असतो. लुगडे मात्र सासू नेसे आणि सूनही नेसे, काष्टा घातला की त्यात शेतात वाकता येई, ओच्यात खुडलेली भाजी मावे आणि डोक्यावर घेतलेला पदर उन्हाला आडोसा होई.

ते मध्यभागी विरले म्हणजे विरलेला भाग काढून उरलेले दोन धड तुकडे जोडत. यालाच दंड घालणे म्हणत, आणि असे लुगडे घरात नेसण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे त्याची बाळासाठी झोळी आणि दुपटी होत, त्यानंतर चारपाच जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडेकडेने आत सरकणारा धावदोरा घालून गोधडी शिवली जाई, आणि गोधडीच्याही चिंध्या झाल्या की पोतेरे. सूत धुण्यागणिक मऊ होते आणि पाणी शोषते, म्हणून ही उतरंड शक्य होती. (तिच्यापायी बायकांच्या किती दुपारी खर्ची पडल्या, हे काटकसरीचे गोडवे गाणारे सहसा विचारात घेत नाहीत.) येवल्याची पैठणीदेखील याला अपवाद नव्हती, रेशीम जीर्ण झाले तरी काठपदर परकर-पोलक्याला लागे, आणि तिची जरतार खऱ्या चांदीची असेल तर ती वितळवून चांदी परत मिळे. पॉलिएस्टरची साडी टिकते खूप, पण पाणी शोषत नसल्याने तिचे ना दुपटे होते ना पोतेरे. ती बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घ्यावे, एवढाच मार्ग उरतो.

नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्यापितळेचा व्यवहारही मूलतः लुगड्याच्याच रीतीचा आहे. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्याला आतून कथलाचा पातळ थर, अर्थात कल्हई, लावावी लागते. कल्हईवाला भांडे निखाऱ्यांवर तापवतो, नवसागराची पूड टाकून त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करतो, आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवतो, तेव्हा काळवंडलेला तळ क्षणात चांदीसारखा उजळतो. कल्हई झिजली की पुन्हा लावता येते, भांडे तेच राहते. ते फुटले तरी वजनावर मोडीत जाते, म्हणजे धातूची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून वळती होते. काठावर ठिपक्यांनी कोरलेले आजीचे नाव तेवढे भट्टीत जाते.

घंगाळ, म्हणजे कड्या असलेले रुंद तोंडाचे भांडे, एके काळी आंघोळीचे पाणी काढण्यासाठी असे. आता त्यात पाणी भरून दिवाणखान्यात फुलांच्या पाकळ्या तरंगत ठेवतात. शुद्धतावाद्यांना हे खटकते, पण घंगाळाला लाभलेले ते आणखी एक काम समजण्यास हरकत नाही, कारण उद्या हौस फिटली तरी मोडीचा भाव त्याला इतर पितळेइतकाच मिळणार असतो.