उद्याचा फोन बघण्याचे दिवस

एक काळ असा होता, की नवा फोन दुकानात यायच्या खूप आधी लोकांच्या बोलण्यात यायचा. कुणी हौशी डिझायनर संगणकावर न बनलेल्या फोनचं चित्र काढायचा आणि ते बघून माणसं हरखून जायची. "असं खरंच होईल का रे?" हा त्या दिवसांतला लाडका प्रश्न होता.

ॲपल फोन आणणार अशी कुणकुण 2006 मध्ये लागली, तेव्हा चित्रांचा नुसता पाऊस पडला. बहुतेकांनी आयपॉडची गोल चकतीच फोनवर बसवली होती. 9 जानेवारी 2007 रोजी स्टीव्ह जॉब्सनेही आधी गंमत म्हणून आयपॉडवर जुन्या टेलिफोनची डायल बसवलेलं चित्र दाखवलं, सभागृह हसलं आणि मग खरा आयफोन समोर आला. चकतीवाल्यांचे अंदाज पार चुकले, पण प्रत्येकाने आपापला एक फोन मनात घडवून पाहिला होता.

पुढच्याच वर्षी नोकिया आणि केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 'मॉर्फ' मांडला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो प्रदर्शनात होता. पारदर्शक, लवचिक, मनगटाला कड्यासारखा गुंडाळता येणारा, स्वतःला स्वच्छ ठेवणारा आणि उन्हावर चार्ज होणारा! आमच्या हातात तेव्हा टॉर्चवाला नोकिया 1100 असायचा आणि तरीही मॉर्फ आपल्याच खिशात येणार, असं वाटायचं. त्यातले काही गुण सात वर्षांत फोनमध्ये येऊ शकतील, असं नोकियाने म्हटलं होतं. ती सात वर्षं सरायच्या आतच, एप्रिल 2014 मध्ये, नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला.

माझ्या मनात मात्र सर्वांत खोल रुतला आहे तो सप्टेंबर 2013 मधला 'फोनब्लॉक्स'. डेव्ह हॅकन्स या डच डिझायनरने एक साधी कल्पना मांडली: कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन असे सुटे ठोकळे, बिघडेल तेवढाच बदलायचा. लोकांनी ती उचलून धरली. तिच्या पाठिंब्याच्या मोहिमेत जवळपास 10 लाख माणसं सामील झाली. जाणकारांनी तेव्हाच बजावलं, की सुटे भाग जोडायचे तर फोन जाड होणार, महाग होणार. दोन्ही बाजूंनी तावातावाने वाद झाले आणि त्या वादातून लोक फोनच्या पोटात काय असतं ते शिकले. ऑक्टोबरअखेरीस मोटोरोलाने अशाच सुट्या भागांचा 'प्रोजेक्ट आरा' जाहीर केला. पुढे तो गूगलकडे राहिला आणि सप्टेंबर 2016 मध्ये बंद झाला.

आज फोनचं चित्र येतं ते 'लीक' म्हणून. कव्हर बनवणाऱ्यांकडे पोहोचलेल्या मापांवरून हुबेहूब प्रतिमा तयार होते आणि महिनोन्‌महिने आधीच सगळं कळतं. मग चर्चा कशाची? कॅमेऱ्याचा उंचवटा आडवा की उभा, कडा गोल की चपट्या, रंग कोणता. घडीचे फोन आले, पडदे खरोखर वाकू लागले. मॉर्फची थोडीशी झलक त्यांत आहे. तरी लोक पहिल्यांदा किंमत विचारतात, दुसऱ्यांदा घडीवरची सुरकुती बघतात. हे चोखंदळपण वाईट नाही. फक्त त्यात पूर्वीचं 'मला असा हवा' हे उरलेलं नाही. पुढ्यात येईल त्यातून निवडणं तेवढं उरलं आहे.

आणि तरीही ते जुनं मागणं वाया गेलं नाही. नेदरलँड्समधल्या फेअरफोनने ग्राहकाला घरी बसून भाग बदलता येतील असे फोन बाजारात आणले. युरोपीय संघात तर 20 जून 2025 पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं उपलब्ध ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ठोकळ्यांचा फोन आला नाही, पण त्यामागची मागणी कायद्यात उतरली.

नखाने मागचं झाकण उघडून बॅटरी बदलायची सवय आपल्या पिढीच्या बोटांना आहे. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे फोन टाकून संध्याकाळी चालू स्थितीत घरी आणणं आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पुढचं 'लीक' झालेलं चित्र बघताना रंगाआधी एवढं विचारूया: हा उघडता येईल का, दुरुस्त होईल का, किती वर्षं टिकेल? कंपन्या काय विकतात ते अखेर लोक काय मागतात यावरही ठरतं आणि मागायचं कसं, हे त्या न बनलेल्या फोनांनी आपल्याला शिकवलं आहे.