नमदा

आमची गाडी गॅरेजमधून घरी आली तेव्हा पुराला तीन महिने होऊन गेले होते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा ती अंगणात उभी होती. बॉनेट बुडून पाणी समोरच्या काचेवर चढले होते. पाणी उतरल्यावर ती सुरू करून पाहण्याचा मोह आम्ही आवरला, म्हणून इंजिन वाचले. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली, की आतले दांडे वाकतात. एवढे यंत्रज्ञान २००५ च्या पुराने गावाला शिकवून ठेवलेले आहे. मेकॅनिकने इंजिन उघडले, तेले बदलली, आसने काढून धुतली, वायरिंग बरेचसे नवे टाकले. गाडी चालू लागली. राहिला तो वास.

हा वास मोठा चमत्कारिक होता. गाडी थंड असताना तो मुळीच येत नसे. चार-पाच किलोमीटर गेल्यावर हळूहळू येई, आणि मग एकदम ती सकाळच समोर उभी राही: चिखल, रॉकेल, कुजलेले धान्य, आणि ज्याचे नाव घेऊ नये असे बरेच काही. आम्ही पायाखालची मॅट बदलली, एअर कंडिशनरचा फिल्टर बदलला, डिकीत कापूर ठेवून पाहिला. शेवटी एका रविवारी गाडी तापवून आणली, बॉनेट उचलले आणि दोघांनीही नाक वर केले. वास इंजिनातून येत नव्हता. तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेल्या काळ्या गादीतून येत होता.

या गादीकडे आम्ही दहा वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. सुट्या भागांच्या दुकानात तिला इन्सुलेशन पॅड म्हणतात; आमचा मेकॅनिक मात्र सरळ 'नमदा' म्हणतो. फारसीतून आलेला हा शब्द. मूळ अर्थ दाबून केलेले जाड लोकरी कापड. इंजिनाचा आवाज शोषून घ्यायचा आणि त्याची धग बॉनेटच्या रंगापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढीच तिची कामे. स्वस्त गाड्यांत पुष्कळदा ती नसतेच, आणि नाही म्हणून गाडी अडतही नाही. "फेकून द्या सर, नवा मागवू," मेकॅनिक म्हणाला. शहाणपणाचा सल्ला तोच होता. तेलाने माखलेला किंवा पुराच्या पाण्यात भिजलेला नमदा ठेवू नये, हे आम्हीही कोणालाही सांगू. पण आम्ही तो घरी आणला.

का आणला, हे सांगायचे तर त्या पहाटेकडे जावे लागेल. पाणी फाटकापाशी आले तेव्हा आमच्याजवळ फार तर अर्धा तास होता. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, आधी गाडी चढावर नेऊन लावू, मग पुस्तके वर घेऊ. दुसऱ्याचे म्हणणे, गाडी गेली खड्ड्यात, आधी खालच्या फळ्या रिकाम्या करू. कोण काय म्हणाले, ते आम्ही इथे लिहिणार नाही. तसे ठरले आहे. एवढेच सांगतो, की वाद दहा मिनिटे चालला आणि तेवढ्यात वीज गेली. मग आईंना उचलून माडीवर नेण्यात उरलेला वेळ गेला. गाडीही हलली नाही, पुस्तकेही हलली नाहीत. सर्वांत खालच्या फळीवर बुटांच्या खोक्यांत आमच्यापैकी एकाची पीएच.डी.ची टिपणे होती, हाताने लिहिलेली, चौदाशे कार्डे. शाईपेनानेच लिहायचे, हा विद्यार्थिदशेतला हट्ट. बॉलपेनने लिहिलेल्या धोब्याच्या याद्या त्या पुरातून वाचल्या. कार्डांवर फिकट निळे ढग तेवढे उरले.

पुस्तकांचे वर्णन करत नाही. चिपळूणच्या माणसाला ते वर्णन नको असते. १८६४ साली स्थापन झालेल्या इथल्या वाचन मंदिराने २००५ मध्ये जे सोसले, त्यापुढे आमच्या तीन फळ्या म्हणजे काय! पण गुळगुळीत कागदाची पुस्तके वाळल्यावर विटेसारखी घट्ट होतात, पान सोडवू गेले तर पापुद्रे निघतात, हे स्वतःच्या हाताने पाहिल्यावाचून खरे वाटत नाही. भिजलेली पुस्तके गोठवून ठेवावीत, म्हणजे पुढे सावकाश वाळवता येतात, असे जाणकार सांगतात. वीजच नव्हती, तिथे गोठवणार कशात? चौथ्या दिवशी सगळा ढीग ट्रॅक्टरमध्ये भरून गेला.

तेव्हा नमदा आम्ही धुवायला नव्हे, वाचवायला आणला होता. अर्थात हे आज सुचते आहे. त्या दिवशी आम्ही एकमेकांना "नवा यायला पंधरा दिवस लागतील" असेच सांगितले.

प्लास्टिकच्या सात खिळ्यांनी तो अडकवलेला होता. चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून एकेक खिळा उचकटला, दोन तुटले. गच्चीवर, सावलीत, जुन्या चटईवर तो पसरला. हातमोजे आणि करोनाच्या दिवसांतले उरलेले मास्क चढवले, कारण पुराच्या चिखलात उंदरांचे मूत असते आणि लेप्टोचे भय कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. आधी कोरडा चिखल रंगाच्या रुंद ब्रशने, एकाच दिशेने. मग व्हॅक्यूम क्लीनर, तोंडाला पातळ फडके बांधून आणि जोर अगदी कमी ठेवून, नाहीतर वरचे अस्तर ओढले जाते. त्यानंतर रिठ्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने नुसते टिपायचे. घासायचे नाही, आणि पाण्याची धार तर मुळीच मारायची नाही. नमदा पाणी पितो, जड होऊन लोंबू लागतो आणि महिनोन्‌महिने ओल धरून वरचा पत्रा गंजवतो. टिपले, उलटवले, वाळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस यात गेले.

एका कडेला अस्तर फाटले होते. आत करडे पुंजके दिसत होते आणि त्यांत लाल, निळे, एखादा पोपटी तंतू. जुने कपडे फाडून, पिंजून, त्यांचे तंतू राळेने एकत्र दाबून केलेला हा माल. जुन्या कपड्यांचा पुन्हा धागा करण्याचे आपल्या देशातले मोठे केंद्र पानिपत आहे, हे मराठी माणसाच्या सहसा कानावर येत नाही. त्या गावाशी त्याचा हिशेब १७६१ लाच थांबलेला असतो.

त्या फाटक्या कडेशी आम्ही बराच वेळ बसलो. वर्गात वीस वर्षे आम्ही बार्थचे नाव घेऊन सांगत आलो, की 'टेक्स्ट' म्हणजे मुळात विणलेले वस्त्र. उभे धागे, आडवे धागे, अर्थांची वीण. विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात आणि आम्ही गुण देतो. इथे मात्र ताणाही नव्हता, बाणाही नव्हता. तंतू कसेही पडलेले, एकमेकांत अडकलेले, आणि तरीही धरून. दलूझ आणि ग्वातारी यांनी 'अ थाउजंड प्लेटोज' या १९८० च्या ग्रंथात नमद्याला विणलेल्या कापडाच्या विरुद्ध उभे केले आहे. तो भाग आम्ही दोघांनीही वाचला होता, आणि मनातल्या मनात थोडी थट्टाही केली होती. आता मनात आले, की कागद तरी दुसरे काय आहे? पाण्यात सोडलेले तंतू, पाणी निथळल्यावर एकमेकांना धरून राहिलेले. तोही एक प्रकारचा नमदाच. पाण्यातून आलेली वस्तू पाण्याने परत मागितली, तर नवल कसले! आणि आपल्या समीक्षेने 'टेक्स्ट'साठी घेतलेला शब्द पाहा: संहिता. एकत्र ठेवलेले. त्यात विणणे नाहीच.

चौथ्या दिवशी नमदा उलटवताना आमच्यापैकी एक म्हणाले, "आधी पुस्तकंच वर न्यायला हवी होती."

"नाही," दुसरे म्हणाले, "गाडीच. गाडी दोन मिनिटांत लावून झाली असती, मग उरलेला सगळा वेळ पुस्तकांना मिळाला असता."

त्या पहाटे गाडी म्हणणारा आवाज आता पुस्तकांच्या बाजूने बोलत होता, आणि पुस्तकांचा आवाज गाडीच्या. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले. कोणी हसले नाही. नमद्याची दुसरी बाजू टिपायची राहिली होती, ती टिपली.

सातव्या दिवशी तो परत बसवला. तुटलेल्या दोन खिळ्यांच्या जागी मेकॅनिकने दुसऱ्याच कुठल्या गाडीचे खिळे दिले. ते थोडे सैल बसतात आणि खडबडीत रस्त्यावर टकटक करतात. मग परशुराम घाट चढून लोट्यापर्यंत जाऊन आलो. इंजिन चांगले तापले होते. येताना घाटाच्या माथ्यावर काचा वर घेतल्या आणि दोघेही गप्प बसून राहिलो.

"येतो का?"

"थोडा. तुला?"

"थोडा."