डबलसीट... पण मागचाही दमणार!

'डबलसीट' म्हटलं की काय आठवतं? मित्राच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, पाय लोंबकळत ठेवून मारलेली फुकटची चक्कर. पुढचा घामाघूम, मागचा गप्पांत रंगलेला. ग्लासगोच्या सर ख्रिस हॉय व्हेलोड्रोममध्ये अर्धा तास काढलात तर डबलसीटबद्दलचे तुमचे सगळे फंडे बदलतील, गॅरंटी!

स्कॉटलंडच्या या शहरात सेंट्रल स्टेशनवर लोकल पकडायची आणि डालमार्नकला उतरायचं. तिथून थोडं चाललं की सेल्टिक क्लबचं फुटबॉल स्टेडियम दिसतं. त्याच्या समोर, लंडन रोडच्या पलीकडे, २०१२ मध्ये सुरू झालेलं हे व्हेलोड्रोम. आत २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहे आणि वळणांवर तो तब्बल ४५ अंशांनी कलतो. फोटोत हे कळत नाही. खाली उभं राहून वर पाहिलं की वाटतं, हा ट्रॅक कसला, ही तर भिंत! त्यात या सायकलींना ब्रेक नसतात. गिअर फिक्स्ड, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. पाय सैल सोडून मस्त तरंगत जायची सोय नाही.

मी गेले तेव्हा टँडेमची प्रॅक्टिस चालू होती. टँडेम म्हणजे दोन सीटची सायकल. पुढे डोळस 'पायलट', मागे दृष्टिहीन किंवा अंशतः दृष्टी असलेला खेळाडू. मागच्याला म्हणतात 'स्टोकर', म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा घालणारा. वळवायचं काम पायलटचं, ताकद मात्र दोघांची. दोघांचे पॅडल साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे एकाने जरा आधी जोर लावला तर दुसऱ्याच्या पायाला लगेच कळतं. काउंटडाऊनचे बीप वाजतात, दोघं एकाच क्षणी सीटवरून उठतात आणि पूर्ण वजन पॅडलवर टाकतात. पुढचं वळण मागच्याला दिसत नाही. ते त्याला पायलटच्या हालचालीतून, सायकलच्या कलण्यातून समजतं. याला आंधळा विश्वास म्हणू नका प्लीज. हे शेकडो तासांच्या सरावातून आलेलं स्किल आहे.

या ट्रॅकचा खरा हीरो म्हणजे नील फॅची. स्कॉटलंडमधल्याच अ‍ॅबर्डीनचा. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारामुळे त्याची नजर अधू झाली. २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिक्समध्ये तो धावला होता. सायकलवर आला तो त्यानंतर. २०१२ मध्ये लंडनला बार्नी स्टोरीबरोबर त्याने एक किलोमीटरच्या शर्यतीत गोल्ड घेतलं. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच व्हेलोड्रोममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, दोन गोल्ड. तेव्हा पुढे होता क्रेग मॅक्लीन, म्हणजे २००० च्या सिडनी ऑलिम्पिक्सचा रौप्यपदक विजेता. टोकियोत २०२१ मध्ये मॅट रॉदरहॅमबरोबर ५८.०३८ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड! उभ्या सायकलवरून सुरुवात करूनही सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटर. त्याच दिवशी त्याची बायको लोरा फॅची हिनेही टँडेमवरच गोल्ड मिळवलं. पदक पायलटलाही मिळतं, कारण शर्यत दोघांची असते.

आता या यादीतली पायलटांची नावं पुन्हा वाचा. स्टोरी, मॅक्लीन, रॉदरहॅम, आणि २०१६ ला रिओत पीट मिचेल. मागचा तोच, पुढचा बदलत गेलेला. या खेळातलं सगळ्यात मोठं टेन्शन हेच आहे. स्टोकर कितीही फिट असो, पुढे बसणारा मिळाला नाही किंवा जखमी झाला तर त्याची शर्यत तिथेच संपते. शिवाय पायलटही तसाच तगडा लागतो. ज्याला स्वतःसाठी एकट्याने पदकं मारता येतील, त्याने दोघांसाठी जोर लावायचा.

आपल्याकडे काय? रस्त्यावर तरी टँडेम आलीय. पुण्याच्या दिव्यांशु गणात्राने, दृष्टी गेलेली असताना, २०१६ मध्ये मनाली ते खारदुंगला हा प्रवास टँडेमवर केला. बालेवाडीला व्हेलोड्रोमही आहे. मग अडतं कुठे? टँडेम पैसे टाकले की येते. पण रोज पहाटे उठून, मागच्याच्या पायांशी पाय जुळवत सराव करणारा माणूस विकत मिळत नाही.

ग्लासगोला गेलात तर व्हेलोड्रोमचं वेळापत्रक आधी बघा. नवशिक्यांसाठीही सेशन्स असतात, ती अजिबात चुकवू नका. आणि दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणणाऱ्या तुमच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न टाकून बघा: पुढच्या सीटवर कोण बसणार?